जुन्या गाडीचा अल्टरनेटर ३५ एम्पिअरचा, नवा ६५चा टाकला तर रेग्युलेटरही बदलायचा का?

जुना_कार्ब्युरेटर
नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, कार्ब्युरेटर आणि कॉइल-पॉइंटच्या जमान्यातली. अल्टरनेटरच्या (इंजिनवर चालणारं, वीज बनवणारं मशीन) पत्र्यावर १४ व्होल्ट ३५ एम्पिअर असं कोरलेलं आहे. रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारी डबी) वेगळा, बॅटरीशेजारी बॉडीवर दोन स्क्रूंनी बसवलेला.

त्रास दोन आहेत. रात्री सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडतात, आणि पाऊस असेल, ब्लोअर चालू असेल तर वायपर अक्षरशः रांगतो. दुसरा त्रास बॅटरीचा. पाणी फार लवकर आटतं, दर तीन आठवड्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, आणि प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढते.

मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर लहान पडतोय, ६५चा टाका आणि रेग्युलेटरही ६५चाच घ्या. दुसऱ्या एकाने सांगितलं, एवढ्याशा बॅटरीत ६५ एम्पिअर ढकलले तर ती फुटेल. रेग्युलेटरच्या डबीवर फक्त १२ व्होल्ट आणि एक नंबर आहे, एम्पिअरचा पत्ताच नाही. मग रेग्युलेटरचं रेटिंग बघायचं तरी कशावरून?

चौथा_गियर
मला तर मेकॅनिकचं बरोबर वाटतं. आमच्याकडे आधी डायनॅमोची (अल्टरनेटरच्या आधीचं वीज बनवणारं मशीन) गाडी होती. तिच्या कटआउटच्या डब्यावर २२ एम्पिअर स्पष्ट छापलेलं होतं आणि डायनॅमोही २२चाच होता. दोन्ही जुळलेच पाहिजेत.

मीटरवाचक
चौथा_गियर, डायनॅमोच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. पण तोच नियम अल्टरनेटरला लावला की वडाची साल पिंपळाला लागते. हा घोळ खूप जणांचा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डायनॅमोला स्वतःला आवर नसतो. भार वाढला की तो देत जातो, तापतो आणि शेवटी आतली वाइंडिंग जळते. म्हणून तीन कॉइलच्या डब्यात तीन कामं वाटलेली असत: एक कॉइल व्होल्टेज धरायची, दुसरी एम्पिअर अडवायची आणि तिसरी म्हणजे खरा कटआउट, जो इंजिन मंद झालं की बॅटरीतून डायनॅमोकडे उलटा जाणारा प्रवाह तोडायचा. डायनॅमोचा सगळा करंट त्या डब्यातूनच जाई, त्यामुळे डब्यावर एम्पिअर छापणं भागच होतं. लुकासचा सी-४० डायनॅमो २२ एम्पिअरचा, तर त्याचा डबाही तेवढ्याचाच.

अल्टरनेटरमध्ये यातली दोन कामं मशीन स्वतःच करतं. उलटा प्रवाह डायोड अडवतात, ते करंट एकाच दिशेने जाऊ देतात. एम्पिअरला आवर घालतो तो स्टेटर, म्हणजे मशीनमधली स्थिर वेटोळी. वेग वाढला की फ्रिक्वेन्सी वाढते आणि स्टेटरच्या वेटोळ्यांचा स्वतःचा अडथळाही वाढतो, त्यामुळे करंट एका मर्यादेला जाऊन थांबतो. ३५चं मशीन कितीही पळवलं तरी ३५च्या आसपासच राहतं. रेग्युलेटरकडे एकच काम उरतं, व्होल्टेज धरणं. ते तो रोटरच्या फील्डचा, म्हणजे आत फिरणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्याचा, करंट कमीजास्त करून करतो, आणि तो करंट असतो तीन-चार एम्पिअरचा. बाहेर जाणारे ३५ किंवा ६५ एम्पिअर रेग्युलेटरला शिवतसुद्धा नाहीत.

एक उदाहरण देतो. लुकासची एसीआर मालिका घ्या. १५एसीआर २८ एम्पिअरचा, १७एसीआर ३६चा आणि १८एसीआर ४५चा. पण आतला १४टीआर रेग्युलेटर तिन्हींना चालतो.

चौथा_गियर
हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं उलटंच समजत होतो. धन्यवाद.

रात्रीचा_प्रवासी
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझ्याही गाडीत हाच पिवळ्या दिव्यांचा त्रास आहे.

जुना_कार्ब्युरेटर
मीटरवाचक, फार छान समजावलंत. मग रेग्युलेटर घेताना बघायचं काय? आणि बॅटरी फुटण्याचं?

मीटरवाचक
आधी बॅटरीचं. एम्पिअर ढकलले जात नाहीत, मागितले जातात. व्होल्टेज १४.२वर धरलेलं असेल तर बॅटरी तिला हवा तेवढाच करंट घेते, मग मशीन ३५चं असो की ६५चं. भरलेली बॅटरी १४.२वर दोन-तीन एम्पिअरसुद्धा घेत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र मोठ्या मशीनकडून सुरुवातीला जास्त ओढेल. म्हणून मृतवत बॅटरी अल्टरनेटरवर भरायला लावू नका, चार्जरवर भरून घ्या. बॅटरीचा खरा घात होतो तो जास्त व्होल्टेजने. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. सेलमागे २.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण १४.४च्या वर, पाण्यातून जोरात वायू सुटू लागतो. पाणी आटणं ते हेच.

रेग्युलेटर घेताना चार गोष्टी बघा. तो किती व्होल्टवर धरतो, फील्डचा किती करंट सोसतो, गाडीची अर्थ (बॅटरीची बॉडीला जोडलेली बाजू) प्लस आहे की मायनस, आणि फील्डची कोणती बाजू तोडतो-जोडतो. या शेवटच्या गोष्टीत सगळ्यात जास्त चुका होतात. काही रेग्युलेटर रोटरला येणारा प्लस नियंत्रित करतात आणि रोटरचं दुसरं टोक मशीनमध्येच अर्थ असतं. काहींमध्ये रोटरला प्लस कायम मिळतो आणि रेग्युलेटर त्याचं अर्थकडचं टोक उघडझाक करतो. एका जातीच्या मशीनला दुसऱ्या जातीचा रेग्युलेटर लावला तर चार्जिंग होणारच नाही, किंवा फील्ड सतत पूर्ण चालू राहून व्होल्टेज सुटेल.

फील्डचा करंट घरीच काढता येतो. मशीनचे कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) काढून, ते ज्यांवर घासतात त्या दोन स्लिप रिंगांमध्ये मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. चार ओहम आला तर १४ भागिले ४, म्हणजे साडेतीन एम्पिअर. कार्बन काढलेच आहेत तर त्यांची लांबीही बघून घ्या, ५ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर नवे घाला.

पण मला वाटतं तुमचे दोन्ही त्रास एका कारणाचे नाहीत. अल्टरनेटर लहान पडत असता तर बॅटरी उपाशी राहिली असती. तुमच्या बॅटरीचं तर पाणी आटतंय, म्हणजे तिला जास्त मिळतंय. कुठेतरी पाणी मुरतंय. आकडे द्या. इंजिन बंद, आयडलवर (रेझ न करता नुसतं चालू) आणि २००० आरपीएमवर, भार घालून आणि भार काढून. बॅटरीच्या खांबांवर मोजा, क्लॅम्पवर नको.

तारायंत्र
मीटरवाचकांना पूर्ण अनुमोदन. एक इशारा आधीच देऊन ठेवतो. चार्जिंग होतंय का बघायला इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी सवय कुणी सांगितली तर ऐकू नका. डायनॅमोच्या काळात ते एक वेळ खपून जायचं. अल्टरनेटरवर भार असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं. त्यात डायोड जातात, रेग्युलेटर जातो, रेडिओ असला तर तोही. बॅटरी उलटी जोडली तर डायोड त्याच क्षणी संपतात.

अल्टरनेटरची स्वस्त सिलिकॉन डायोड आल्यावरच गाड्यांत सोय झाली. क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंटवर तो दिला आणि पुढे दशकभरात डायनॅमो मागे पडत गेला. डायनॅमोशी शिकलेले हात मात्र अजून आहेत आणि त्यांच्या सवयीही. त्यांना दोष देत नाही, माझं शिक्षणही तिथेच झालं.

जुना_कार्ब्युरेटर
रविवारी सकाळी दोन तास बसून मोजलं. बॅटरी रात्रभर स्वस्थ होती.

इंजिन बंद: १२.५
आयडल, काही चालू नाही: १४.४
२००० आरपीएम, काही चालू नाही: १४.६
२००० आरपीएम, ब्लोअर आणि वायपर चालू: १५.२
आयडल, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू: १२.३

चौथा आकडा मी तीनदा मोजला. ब्लोअर लावला की व्होल्टेज वाढतं, बंद केला की उतरतं. भार घातल्यावर व्होल्टेज वाढतं कसं?

मीटरवाचक
शाबास, नेमकं तेच हवं होतं. भार घातल्यावर बॅटरीवरचं व्होल्टेज वाढत असेल तर रेग्युलेटर बिघडलेला नाही, त्याला खोटी बातमी मिळतेय.

रेग्युलेटर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर. ती तार इग्निशन स्विचमधून, फ्यूज बॉक्समधून येते. त्याच वाटेने कॉइल, मीटर, ब्लोअर आणि वायपरही करंट ओढतात. वाटेत एखादा जोड खराब असला की तिथे व्होल्ट गळतात. बॅटरीवर १५.२ असताना रेग्युलेटरला दिसत असतात १४.२, आणि तो समाधानाने तिथेच धरून ठेवतो. ब्लोअर लावला की गळती वाढते, तो आणखी रेटतो आणि बॅटरी उकळते.

आता हे करा. इंजिन २००० आरपीएमवर चालू. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर, लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबाला, काळं टोक रेग्युलेटरच्या इग्निशन टर्मिनलला. मीटर थेट गळती दाखवेल. ०.२च्या आत हवी. मग काळं टोक एकेक जोड मागे सरकवत या: फ्यूजची पुढची बाजू, मागची बाजू, स्विचची बाहेर जाणारी तार, आत येणारी तार. जिथे आकडा एकदम पडेल तिथे चोर आहे. तसंच बॅटरीचा मायनस खांब आणि रेग्युलेटरचं शरीर यांच्यामध्येही मोजा. गाडी रंगवून आणल्यावर रेग्युलेटरखाली रंग राहिला असेल तर हाच प्रकार अर्थच्या बाजूने होतो.

पट्टा फिरतोय, पंखा फिरतोय, बाह्या दुमडून मगच हात घाला. आणि अल्टरनेटरच्या बी प्लस (मुख्य चार्जिंगच्या) टर्मिनलला पाना लावायची वेळ आली तर आधी बॅटरीचा मायनस काढा. इग्निशन बंद असली तरी ते टर्मिनल कायम जिवंत असतं.

कार्बन_ब्रश
यात एक भर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या खांबांवरही बघा, इंजिन चालू असताना. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर एखादा डायोड गेला आहे असं समजायचं. डायोड गेलेला ३५चा अल्टरनेटर फार तर वीस-बावीस देतो, आणि आपण उगाच मोठा विकत घ्यायला धावतो.

जुना_कार्ब्युरेटर
एसी ०.०६. डायोड ठीक आहेत ना?

गळती: काही चालू नसताना ०.३६. ब्लोअर आणि वायपर लावल्यावर ०.९७! अर्थच्या बाजूला ०.०३. मग एकेक जोड मागे सरकत गेलो. फ्यूज बॉक्सच्या मागे जिथे स्विचकडून तपकिरी तार येते, तिथली पट्टीची पिन. पिनच्या एका बाजूला ०.९७, दुसऱ्या बाजूला ०.१३.

बॅटरी सोडवून फ्यूज बॉक्स खाली ओढला. पिनचं पांढरं प्लॅस्टिक करपून चहाच्या रंगाचं झालं होतं. तारेचं इन्शुलेशन दोन इंचभर कडक, वाकवलं तर तडकत होतं. पिन बाहेर काढली तर तिची पकडच गेलेली, बोटाच्या नखाने सरकत होती, आणि आत काळसर पापुद्रा. इतकी वर्षं ती पिन तापत होती आणि मी तीन आठवड्यांना एकदा बॅटरीत पाणी घालत होतो.

मीटरवाचक
सापडली. हिशेबही जुळतो बघा. कॉइल साडेतीन, फील्ड दोन, मीटर वगैरे अर्धा, असे सहा एम्पिअर जात होते तेव्हा ०.३६. ब्लोअरचे सहा आणि वायपरचे चार मिळून सोळा झाले तेव्हा ०.९७. दोन्हीकडे भागाकार केला तर ०.०६ ओहमच येतो. एवढ्याशा रेझिस्टन्सने बॅटरीचा जीव घेतला होता. आणि सोळा एम्पिअर जाताना त्या वाटेवर जवळपास पंधरा वॅट उष्णता सुटत होती, बहुतेक सगळी त्या एका पिनमध्ये. प्लॅस्टिक करपेल नाही तर काय.

तार करपलेल्या जागेपासून मागे कापा, तांबं चकचकीत दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं घासून पिन लावली तर महिन्याभरात पुन्हा तेच. नवी पिन नीट दाबून बसवा आणि समोरची पट्टी बारीक काच-कागदाने साफ करा.

रात्रीचा_प्रवासी
वाचनखूण साठवली. पण आयडलवरचे १२.३ आणि पिवळे दिवे? तो प्रश्न तसाच राहिला.

तारायंत्र
तो मी घेतो. पत्र्यावरचे ३५ एम्पिअर हे मशीन ६००० आरपीएमच्या आसपास फिरत असतानाचे आहेत. काही बॉश मशीनवर १४ व्होल्ट २३/५५ एम्पिअर असे दोन आकडे असतात. पहिला आकडा कमी वेगाचा, दुसरा पूर्ण वेगाचा. विकत घेताना दुसऱ्याला भुलू नका, पहिला बघा.

जुन्या गाड्यांत पुलीचं प्रमाण साधारण दोनास एक असतं. ८०० आरपीएमचं आयडल म्हणजे मशीनला १६००. त्या वेगाला जुना ३५चा अल्टरनेटर दहा-बारा एम्पिअर देतो, त्याहून फार नाही. आता मागणी मोजा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे नऊ, मागचे-पुढचे छोटे दिवे आणि डॅशबोर्ड मिळून तीन, कॉइल साडेतीन, फील्ड अडीच, ब्लोअर सहा, वायपर चार. झाले अठ्ठावीस. सिग्नलला ब्रेकवर पाय असतो, २१ वॅटचे दोन ब्रेक लाइट आणखी साडेतीन. म्हणजे साडेएकतीस मागायचे आणि बारा मिळायचे. उरलेले एकोणीस-वीस बॅटरी देते, दहा मिनिटांत तीन एम्पिअर-अवरहून जास्त. गाडी निघाली की ३५ पुरतात आणि वर थोडे उरतातही. शहरात रोज तासन्‌तास रांगत असाल तरच तुमच्या मेकॅनिकची ६५ची शिफारस योग्य आहे.

पण पिवळेपणाचा मोठा भाग व्होल्टेज गळतीचा असण्याची शक्यता आहे. बॅटरी १२.३वर असताना बल्बच्या होल्डरवर किती मिळतात ते मोजा. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

जुना_कार्ब्युरेटर
बल्बवर १०.९. अर्थात आयडलवर.

तारायंत्र
१.४ व्होल्टची गळती. हेडलाइटचा सगळा करंट जुन्या डॅशबोर्ड स्विचमधून जातोय. लो आणि हाय बीमला एकेक रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) लावा. रिलेला प्लस थेट बॅटरीवरून, वाटेत बॅटरीजवळच फ्यूज. जुना स्विच फक्त रिलेची कॉइल चालवेल. हेडलाइटची अर्थ तारही बॉडीला जिथे जोडली आहे तिथे रंग खरवडून घट्ट करा.

चौथा_गियर
समजा कुणाला खरंच ६५चा टाकायचा असेल तर बाकी काय बदलावं लागतं? माझ्या गाडीत इलेक्ट्रिक पंखा बसवलाय, मला लागणार आहे.

मीटरवाचक
पंखा दहा-पंधरा एम्पिअर घेतो, तुम्हाला मोठं मशीन हवंच. बहुतेक मोठ्या मशीनमध्ये रेग्युलेटर आतच असतो, त्यामुळे बाहेरचा निकाली निघतो. पण तीन गोष्टी विसरू नका.

चार्जिंगची तार. जुन्या ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत मीटरला साधारण साडेचार मिलिओहम असतात. जाऊन दोन मीटर तार, ५० एम्पिअर, म्हणजे ०.४५ व्होल्टची गळती आणि तापलेली तार. १० चौरस मिलिमीटरची टाकली तर ०.१८च्या आसपास. आतला रेग्युलेटर मशीनच्याच टर्मिनलवर मोजत असेल तर इथे जुना_कार्ब्युरेटर यांच्या उलट होतं. मशीनला १४.२ दिसतात आणि बॅटरीला कमी पोचतात, ती कायम अर्धपोटी राहते. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या अर्थच्या पट्ट्याही नव्या घाला.

डॅशबोर्डवरचा अँमीटर. ३०-०-३०चा अँमीटर असेल तर सगळा चार्जिंग करंट त्याच्यातून जातो. ६५च्या मशीनसाठी तो नाहीच. त्याच्या मागचे नट तापून गाड्या पेटल्या आहेत. तारांना बाहेरून वाट देऊन तो काढा आणि जागी व्होल्टमीटर बसवा.

चार्जिंगचा लाल दिवा. त्यातूनच रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो. २.२ वॅटचा बल्ब म्हणजे जेमतेम ०.१८ एम्पिअर, पण मशीन जागं व्हायला तेवढे लागतात. तिथे एलईडी लावला की काही मशीन रेझ केल्याशिवाय चार्जच करत नाहीत. एलईडी हवाच असेल तर त्याला समांतर ६८ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावा.

पट्ट्याचंही बघा. ६० एम्पिअरला मशीन इंजिनकडून दोन अश्वशक्तीच्या आसपास खेचतं. एकेरी व्ही पट्टा ढिला असेल तर भार पडताच किंचाळेल. मधोमध अंगठ्याने दाबून सेंटिमीटरभर बसावा.

कार्बन_ब्रश
उन्हाळ्यात लांब पल्ल्यानंतर मीटरवर १३.८ दिसले म्हणून कुणी रेग्युलेटर बदलू नये. बरेच रेग्युलेटर तापले की मुद्दाम व्होल्टेज उतरवतात, अंशामागे साधारण ०.०१ व्होल्ट. गरम बॅटरीला तेवढंच हवं असतं.

जुना_कार्ब्युरेटर
पाच आठवडे झाले, म्हणून आता लिहितोय. नवी पिन, तार चार इंच मागे कापून नवा तुकडा, हेडलाइटला दोन रिले. अल्टरनेटर तोच ३५चा, रेग्युलेटरही तोच.

२००० आरपीएम, काही चालू नाही: १४.२
ब्लोअर आणि वायपर चालू: १४.३
रेग्युलेटरपर्यंतची गळती: ०.०५ आणि ०.१४
आयडल, सगळं चालू, बॅटरीवर: १२.३
त्याच वेळी बल्बवर: ११.९

आयडलचा १२.३ तसाच आहे, पण काल रात्री पावसात सिग्नलला थांबलो तेव्हा पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर माझ्या दिव्यांचा पांढरा उजेड पडलेला पहिल्यांदा पाहिला. ब्लोअर मी थांबल्यावर एक पायरी कमी करतो. बॅटरीची झाकणं आज उघडली. सहाही सेलमध्ये पाणी वरच्या खुणेलाच आहे, थेंबभरही घालावं लागलं नाही.

एक शंका उरली. पिन बदलली तरी रेग्युलेटरची तार अजून स्विचमधूनच येते. पुढे स्विच झिजला तर?

मीटरवाचक
तर पुन्हा हेच होईल. त्यासाठी आणखी एक छोटा रिले लावा. इग्निशनची तार फक्त त्याची कॉइल चालवेल आणि रेग्युलेटरला प्लस मिळेल थेट बॅटरीवरून, ५ एम्पिअरच्या फ्यूजमधून. फील्ड तीन-चार एम्पिअरचं असतं, तेवढा पुरतो. इग्निशन बंद असताना संपर्क तुटलेला राहील असाच रिले घ्या, नाहीतर गाडी उभी असताना रोटर रात्रभर बॅटरी पीत बसेल. आणि आधीची एक शंका राहिली होती: हो, ०.०६ एसी म्हणजे डायोड उत्तम आहेत.